मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मिठाच्या पाण्याच्या स्विमिंग पूलवर लेख आला होता, त्यात दोनदा 'क्लोरीनमुक्त' आणि एकदा 'केमिकल-फ्री' असं छापलंय. तो वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या दोघींचे मला लागोपाठ फोन, की काकू आपल्याकडे पण मिठाचंच मशीन आहे ना, मग आपला पूल क्लोरीनमुक्तच झाला, आता सोडते मुलाला पाण्यात, त्याला क्लोरीनने रॅश येते म्हणून दोन वर्षं पाठवत नव्हते. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबणार आहे हे आधीच सांगते, कापायचं तर माझं रडगाणं कापा, आकडे कापू नका.

मी एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होते, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे ब्युरेट-पिपेटची सवय हाताला अजून आहे आणि सोसायटीच्या कमिटीत मला 'पाणीवाल्या काकू' म्हणतात, चेष्टेनेच, पण म्हणतात.

तर आधी मशीनचं सांगते. त्याचं नावच सॉल्ट क्लोरिनेटर आहे, म्हणजे क्लोरीन तयार करणारं यंत्र. मिठाचं पाणी टायटॅनियमच्या प्लेटांमधून जातं, त्यातून वीज सोडतात, एका प्लेटवर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि तिथल्या तिथे पाण्यात विरघळतो, दुसऱ्या प्लेटवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि कॉस्टिक तयार होतं. अकरावी-बारावीला ब्राइनचं इलेक्ट्रोलिसिस ज्यांनी केलंय त्यांना हे पाठ असेल. क्लोरीनने आपलं काम केलं की तो परत क्लोराइड होतो म्हणजे परत मीठच, म्हणून मीठ संपत नाही, फक्त पाणी बाहेर गेलं तरच मीठ जातं. फायदा खराच आहे, क्लोरीन हळूहळू आणि सारखा मिळतो, ड्रम उचलायला नकोत, वास कमी येतो. पण पाण्यात क्लोरीन आहे आणि तेवढाच लागतो जेवढा गोळ्या टाकून लागत होता. बाकी पाणी चवीला खारट लागेल ही भीती सोडा. मशीनला मीठ लागतं ३,२०० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग), म्हणजे लिटरला सव्वातीन ग्रॅम, जेमतेम अर्धा चमचा, आपली आमटी याहून खारट असते आणि समुद्र तर दहापट.

आता आमची गोष्ट. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कमिटीने मशीन घेतलं. कोणाकडून ते लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती, घाईत होती. आमचा पूल उघड्यावर, १५ मीटर बाय ७ मीटर, खोली सरासरी १.२ मीटर, म्हणजे १२६ घनमीटर, सव्वा लाख लिटरच्या आसपास. त्यांच्या माणसाने कॅल्क्युलेटर काढला, १२६ गुणिले ३.२, आले ४०३ किलो, आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून २५ किलोच्या १६ गोण्या उतरल्या. मी खाली गेले तेव्हा बारा गोण्या उथळ बाजूला ओतून झाल्या होत्या. मी विचारलं, आधी पाण्यात मीठ किती आहे ते बघितलं का? तर म्हणाला, काकू हे साधं पाणी आहे, यात कुठनं मीठ येणार.

इथेच सगळं चुकलं. सहा वर्षं त्याच पाण्यात गोळ्या, लिक्विड क्लोरीन, ॲसिड पडत होतं, त्या प्रत्येकाचा शेवट क्लोराइडमध्येच होतो, वर आमचं पाणी बोअरचं आणि टँकरचं. संध्याकाळी ओळखीच्या एकाकडून सॉल्ट मीटर आणला आणि सकाळी मीठ टाकायच्या आधी मी सवयीने भरून ठेवलेली हॉर्लिक्सची बाटली होती तिच्यातलं पाणी मोजलं, तर ११०० पीपीएम. म्हणजे लागत होतं २६५ किलो, साडेदहा गोण्या, मी खाली गेले तेव्हाच थांबले असते तरी भागलं असतं. टाकलं ४०० किलो. एकूण झालं ४,३०० च्या जवळपास आणि मशीन ४,००० च्या वर चालतच नाही, लाल दिवा लागला आणि बंद.

मीठ जास्त झालं तर काढायचं कसं, तर त्याला काही औषध नाही, पाणी सोडायचं आणि नवीन भरायचं. एप्रिल महिन्यात, जेव्हा आमच्या डी विंगला दिवसाआड पाणी येत होतं तेव्हा, आम्ही फूटभराहून जास्त पाणी गटारात सोडलं आणि चार टँकर मागवले. त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही, मशीन मी आणलं नव्हतं तरी.

मिठाबद्दल अजून एक. त्या गोण्यांमधलं मीठ करड्या रंगाचं होतं, जाडं खडे मीठ. मी मूठभर घरी आणून काचेच्या ग्लासात विरघळवलं, तळाशी गाळ बसला तो तर दिसलाच, पण वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला आणि ताक टाकल्यासारखं पांढरं झालं. ते म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मिठागरातलं मीठ आपल्या लोणच्याला चालतं, मशीनच्या प्लेटांना नाही, तिथे त्याचा थर बसतो. रिफाइंड मीठ पाहिजे, ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध, आयोडीन नसलेलं आणि मोकळं राहावं म्हणून जी पावडर मिसळतात ती नसलेलं. वॉटर सॉफ्टनरसाठी जे मिळतं ते चालतं. ही ग्लासची टेस्ट कोणीही घरी करू शकतं, पाच मिनिटं लागतात.

आणि मीठ टाकल्यावर लगेच मशीन चालू करायचं नाही. आमच्याकडे ढीग अजून तळाशी दिसत होता आणि मशीनवाल्यांकडचा मुलगा बटण दाबायला निघाला, म्हणे मशीन चालू केलं की लवकर विरघळतं. अरे बाळा, पंप चालू कर, मशीन नको! निदान २४ तास नुसता पंप, मधूनमधून लांब ब्रशने ढीग पसरायचा, नाहीतर घट्ट मिठवणी खालच्या ड्रेनमधून थेट प्लेटांवर जाते आणि मशीन ट्रिप होतं.

टँकर येऊन मीठ ३,२०० वर आलं, मशीनचा हिरवा दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांत पाणी हिरवट.

आमचा पूलवाला रोज टेस्ट करत होता बरं का. त्याच्याकडे ते थेंबांचं जुनं किट आहे, पाण्यात पाच थेंब टाकले की पिवळं होतं, हळदीच्या पाण्यासारखं. पिवळं आलं की क्लोरीन आहे, विषय संपला. पण ते किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातला मोकळा किती आणि घामा-लघवीशी बांधला गेलेला किती ते सांगत नाही. पूलचा जो वास आपल्याला क्लोरीनचा वाटतो आणि डोळे चुरचुरतात तो याच बांधलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी अंघोळ करा असं बोर्डावर लिहिलेलं असतं जे आमच्याकडे फक्त माझे मिस्टर पाळतात. मोकळा क्लोरीन बघायला डीपीडीचं किट लागतं, त्यात रंग गुलाबी येतो. (क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंग येऊन क्षणात उडतो आणि शून्य आहे असं वाटतं, तिथे फसू नका.)

मोकळा क्लोरीन निघाला २ पीपीएम. कागदावर ठीक. मग हिरवं का? मला शंका स्टॅबिलायझरची होती. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड, ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. ते अजिबात नसेल तर दुपारच्या उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडून जातो, म्हणून उघड्यावरच्या पूलला ते पाहिजेच, छताखालच्या पूलला नको. पण ते जास्त झालं की क्लोरीनला असं धरून ठेवतं की तो कामच करत नाही. आणि आपल्याकडे सगळीकडे ज्या टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, पांढऱ्या गोळ्या वापरतात त्या प्रत्येक गोळीबरोबर हे ॲसिड पाण्यात पडत राहतं, ते उडत नाही, संपत नाही. आमच्याकडे सहा वर्षं पडत होतं.

त्याची टेस्ट मजेशीर असते. काचेच्या उभ्या नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं, ते नळीत थोडं थोडं ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. मी सकाळी अकराला, ऊन पाठीवर घेऊन, पूलच्या काठावर उभी राहून केली. तळ भरला नाही तोच ठिपका गायब, म्हणजे १०० च्या आसपास किंवा वर. मग निम्मं पूलचं पाणी आणि निम्मं प्यायचं पाणी घेऊन परत केली, आलं ४८, दुप्पट ९६. आणि हे चार टँकर बदलल्यानंतर, त्याआधी १३० च्या घरात असणार. पोहण्याच्या तलावांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा १०० च्या आत ठेवायला सांगितलंय. एवढ्या स्टॅबिलायझरमध्ये २ पीपीएम क्लोरीन म्हणजे नुसता आकडा. ५-६ ठेवावा लागतो तेव्हा कुठे शेवाळ थांबतं.

तेवढ्यात मशीनवाल्यांचा फोन, मशीन कमी पडतंय, मोठं मॉडेल घ्या. मी म्हटलं थांबा जरा. आमचं मशीन तासाला ५० ग्रॅम क्लोरीन करतं. वीजबिल वाचवायला सोसायटी पंप चालवत होती फक्त सहा तास, आणि पंप बंद तर मशीन बंद. सहा तासांत ३०० ग्रॅम, १२६ घनमीटरला भागा, २.४ पीपीएम आलं. मे महिन्याचं ऊन, सुट्टी लागलेली, पाण्यात चाळीस पोरं, रोज तीन-चार पीपीएम सहज खर्च होतो. मशीन बदलायची गरज नव्हती, पंप नऊ तास करायची होती. शिवाय हिरवं झालेलं पाणी मशीनने साफ करायला जाऊच नये, ते रोजच्या खर्चासाठी आहे, एकदम उडी मारणं त्याचं काम नाही. आम्ही लिक्विड क्लोरीन टाकून, ब्रशने घासून, फिल्टर सारखा धुवून चार दिवसांत पाणी स्वच्छ केलं आणि मग क्लोरीनचा आकडा टिकवायचं काम मशीनवर सोपवलं. खरं तर पहिल्या दिवशीच हे करायला पाहिजे होतं, क्लोरीन आधी बाहेरून टाकून जागेवर आणायचा आणि मग मशीन. पण पहिल्या दिवशी गोळ्या आणि लिक्विडचे उरलेले ड्रम गोडाऊनमधून काढून टाकण्याचीच सगळ्यांना घाई झाली होती.

गोडाऊनवरून आठवलं. त्या आवराआवरीत एका माणसाने गोळ्यांचा अर्धा डबा आणि ब्लीचिंग पावडरची गोणी एकाच पिंपात रिकामी करायला घेतली होती. वॉचमनने हाक मारली म्हणून मी पळत गेले. ही दोन्ही क्लोरीनचीच, मग एकत्र केली तर काय, असं त्याला वाटलं. असं कधीही करू नका, ओल लागली तर पेट घेतं, स्फोट होऊ शकतो. आणि ॲसिड यातल्या कशावरही पडलं तर क्लोरीन वायू निघतो, तो छातीत गेला तर हॉस्पिटलच.

आता पीएच, ज्यावर लेखात एक ओळही नव्हती आणि मिठाच्या पूलचं खरं दुखणं हेच आहे. मशीन चालू झाल्यापासून आमचा पीएच रोज चढायचा, ७.४ वर आणला की तीन दिवसांत ८.१. त्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सोड्याची बाटली हलवून उघडली की जसा गॅस जातो तसं, आणि तो गेला की पीएच वर. पाण्याची टोटल अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची ताकद) जेवढी जास्त तेवढा हा गॅस जास्त आणि तेवढा पीएच चढायचा वेग जास्त. आमची होती १९०. गोळ्या आम्लधर्मी, त्यामुळे इतकी वर्षं पीएच खाली दाबून धरला जात होता आणि कोणाला कळत नव्हतं. पीएच चढला तर काय होतं? साडेसातला क्लोरीनचा निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, आठला जेमतेम पाव. म्हणजे मशीन क्लोरीन करतंय आणि पीएच तो निकामी करतोय.

मिठाच्या पूलला अल्कलिनिटी ७०-८० पुरते. १९० वरून ८० वर आणायला हिशोबाने साधारण २९ लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागत होतं, बाजारात मिळतं ते ३० टक्क्यांचं. एकदम नाही टाकायचं, रोज दोन-अडीच लिटर, बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू असताना खोल बाजूला, आणि बादलीत आधी पाणी मग ॲसिड, उलटं कधीच नाही. मग रिटर्नचे (पाणी पूलमध्ये परत येतं ते) नोझल वर तिरके केले म्हणजे पाणी कारंज्यासारखं खळाळत राहतं आणि पीएच आपोआप परत वर येतो पण अल्कलिनिटी खालीच राहते. असे जवळजवळ दोन आठवडे गेले. आमचा पूलवाला रोज वहीत लिहायचा, पहिले दोन दिवस कंटाळत, नंतर स्वतःच फोन करून सांगायला लागला की काकू आज १३०. आता पीएच आठवड्यातनं एकदा थोडा चढतो, लिटरभर ॲसिडात भागतं.

हार्डनेसचंही (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं) तेच. जूनच्या आधी एक दिवस मुलं ओरडत आली की पाण्यात खोबऱ्याचा कीस तरंगतोय. रिटर्नमधून पांढरे पापुद्रे येत होते. सेल (मशीनचा प्लेटा असलेला भाग) उघडला तर प्लेटांवर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर. मी घरी ईडीटीएने टायट्रेशन केलं, वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत, आकडा ४६०. प्लेटच्या अगदी जवळ पीएच फार जास्त असतो म्हणून थर पहिला तिथेच धरतो. २०० ते ४०० मध्ये पाहिजे, मशीन असेल तर ३०० च्या आसपास बरं. सेल धुवायला चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड, दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबले की बाहेर काढायचा. आमच्या इलेक्ट्रिशियनने स्क्रूड्रायव्हर घेतला होता खरवडायला, वेळेत अडवला, प्लेटांवर रुथेनियमचा पातळ लेप असतो, तो गेला की सेल गेला आणि मशीनच्या किमतीतला मोठा भाग म्हणजे तो सेलच.

बाकीचं काम पावसाने केलं. आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, १०५ चौरस मीटरच्या पूलमध्ये ते ७० हजार लिटरच्या वर पाणी झालं, फुकट आणि हार्डनेस शून्य. जास्तीचं वरून वाहून गेलं आणि त्याबरोबर स्टॅबिलायझर, हार्डनेस, सगळं उतरलं. मीठही उतरलं अर्थात, ऑगस्टमध्ये 'लो सॉल्ट' दिवा लागला, तेव्हा मात्र आधी मोजलं आणि सहाच गोण्या आणल्या, पांढऱ्याशुभ्र.

लोणावळा, कर्जत, अलिबागकडे ज्यांचे भाड्याचे बंगले आहेत आणि जाहिरातीत 'क्लोरीन-फ्री पूल' लिहितात त्यांनी निदान मशीन घ्यायच्या आधी पाण्याचे पाच आकडे काढून घ्यावेत, पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस, स्टॅबिलायझर, मीठ. ते जागेवर येईपर्यंत मशीन खोक्यातच राहू द्या, वॉरंटीचे दोन आठवडे गेले तरी चालतील. समुद्राजवळच्या बोअरला तर मीठ आधीच किती असेल याचा नेम नाही. आणि नवीन प्लास्टरचा पूल असेल तर महिनाभर मीठ टाकूच नका.

त्या रॅशवाल्या मुलाच्या आईला मी सांगितलं की क्लोरीन आहे, आज सकाळी ४ होता, पीएच ७.५. तू त्याच्या स्किनच्या डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले तर सकाळी गर्दीच्या आधी आण, आधी आणि नंतर साध्या पाण्याने अंघोळ घाल. ती जरा नाराज झाली. तिने तुमचा पेपर पुढे केला, म्हणाली पण यात तर छापलंय.

तेवढा 'क्लोरीनमुक्त' शब्द येत्या रविवारी दुरुस्त करून छापावा ही विनंती.

आपली,
एक नेहमीची वाचक
वाकड, पुणे

ता. क. : फिल्टर बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या धारेने धुतल्याचं) पाणी आम्ही पूर्वी बागेला सोडायचो, पाणी वाचवतो म्हणून पाठ थोपटून घ्यायचो. मशीन बसल्यावर पाइप तसाच राहिला आणि जूनपर्यंत मोगऱ्याची पानं कडेने करपली, लॉन एका पट्ट्यात पिवळं. मिठाचं मशीन घेतलंत तर तो पाइप आधी हलवा.